कादंबऱ्या वाचणारे संत

कादंबऱ्या वाचून तरुण मुलेमुली बिघडतात, ही तक्रार आपल्या पिढीची नव्हे. १५५५ साली स्पेनमधील व्हायादोलिद येथील प्रतिनिधिसभेने राजदरबारी एक अर्ज केला. मुलगी सुरक्षित राहावी म्हणून आई तिला घरात कोंडून बाहेर जाते, आणि मागे मुलगी शौर्यकथांची पुस्तके वाचत बसते. त्यापेक्षा आईने तिला बरोबर नेलेले बरे, असे त्या अर्जात म्हटले होते. ही पुस्तके छापण्यास बंदी करावी व असतील ती जाळून टाकावीत, अशी मागणी होती. त्याआधी १५३१ सालीच, अमेरिकेतील वसाहतींकडे जाणाऱ्या जहाजांवर अशी पुस्तके चढवू नयेत, असा राजादेश निघाला होता. दोन्ही खटपटी वाया गेल्या. १५५५ च्या अर्जाचा कायदा कधी झाला नाही आणि १५३१ चा आदेश कोणी पाळला नाही. पुस्तके छापली जात होती, विकली जात होती आणि जहाजांतून समुद्रापार जातही होती.

ज्या पुस्तकांचा मोठमोठ्यांनी एवढा धसका घेतला, ती असतात तरी कशी, हे पाहावे असे आमच्या मनात पुष्कळ दिवस होते. कारण त्याच शतकातील स्पेनचे दोन थोर संत, लोयोलाचा संत इग्नेशियस आणि आविलाची संत तेरेजा, हे आपल्या तरुणपणी याच पुस्तकांचे वाचक होते. म्हणून प्रथम ती कथा वाचली, नंतर त्या दोघांची आत्मचरित्रे, आणि शेवटी ज्या ग्रंथाने या कथांची जगभर थट्टा केली तो ‘डॉन क्विक्झोट’. त्या वाचनातून जे हाती लागले, ते आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या शौर्यकथांतील सर्वांत गाजलेली म्हणजे ‘आमादिस दे गाउला’. तिची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी छापील आवृत्ती १५०८ सालची, सारागोसा शहरातील आहे. कथा मात्र त्याहून बरीच जुनी. गार्सी रोद्रीगेस दे मोंताल्वो नावाच्या गृहस्थाने जुन्या तीन भागांवर संस्कार करून त्यांना चौथा भाग जोडला. राजा पेरियोन आणि राजकन्या एलिसेना यांचे गुप्त प्रेम. त्यातून झालेले मूल लोकलज्जेस्तव तलवार व अंगठीसह पेटीत घालून पाण्यात सोडले जाते. एक स्कॉटिश सरदार त्याला वाढवतो. येथे आपल्या वाचकांना कर्णाची आणि मोशेची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. हाच आमादिस. तो ब्रिटनची राजकन्या ओरियाना हिच्यावर जीव जडवतो आणि तिच्या नावाने पराक्रम करीत हिंडतो. वाटेत आर्कालाउस हा दुष्ट मांत्रिक आहे, रूप पालटणारी उर्गांदा ही जादूगारीण आहे, एका निर्जन बेटावर एंद्रियागो नावाचा अक्राळविक्राळ पशू आहे. एका गैरसमजापायी ओरियाना त्याला कठोर पत्र लिहिते. तेव्हा हा महावीर शस्त्रे टाकून, नाव बदलून, एका खडकाळ बेटावर संन्याशापाशी जाऊन राहतो. नाथमाधवांची ‘वीरधवल’ ज्यांनी लहानपणी रात्र जागवून वाचली असेल, त्यांना हे जग परके वाटावयाचे नाही.

रॉबर्ट साउदी या इंग्रज कवीने १८०३ साली या ग्रंथाचे संक्षिप्त भाषांतर प्रसिद्ध केले, त्यातून आम्ही तो वाचला. आमचे मत विचाराल, तर पहिले दोन भाग आजही वाचावेत असे आहेत. आमादिसची एकनिष्ठा, दिलेल्या शब्दाला जागणे, दुबळ्याची हाक ऐकताच घोडा वळवणे, यांत उदात्त असे काहीतरी आहे. चौथ्या भागात मात्र मोंताल्वोला उपदेशाचा मोह आवरत नाही. उपदेश हेच ज्यांचे नित्यकर्म, त्या आम्हांलासुद्धा तो नकोसा झाला! याच लेखकाने पुढे आमादिसच्या मुलावर, एस्प्लांदियानवर, आणखी एक ग्रंथ रचला. तो १५१० साली निघाला. त्यात कालाफिया राणीचे कॅलिफोर्निया नावाचे एक काल्पनिक बेट आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचलेल्या स्पॅनिश लोकांनी तेच नाव तेथील भूमीस दिले. पुस्तके जहाजांवर चढवू नयेत म्हणून आदेश काढणाऱ्यांना याची कल्पना आली असती, तर त्यांनी कपाळास हात लावला असता.

आता लोयोलाकडे वळू. १५२१ च्या मे महिन्यात पांप्लोनाच्या किल्ल्यावर फ्रेंचांशी लढताना तोफेचा गोळा लागून इनिगो या सरदारपुत्राचा पाय मोडला. त्याला उचलून लोयोलाच्या वाड्यात आणले. हाड नीट बसले नव्हते म्हणून ते पुन्हा मोडून बसवले. तरीही गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा राहिला. त्यामुळे त्या काळच्या रुबाबदार, घट्ट बुटात पाय शोभला नसता. तेवढ्यासाठी त्याने ते वाढलेले हाड करवतीने कापून घेतले, आणि त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. त्याचे आत्मचरित्र वाचताना या प्रसंगाशी आम्ही थबकलो. आमादिस वाचून वाढलेल्या तरुणाला शूर दिसण्याची केवढी ओढ होती, हे तेथे कळते.

अंथरुणावर वेळ जाईना, म्हणून त्याने शौर्यकथा मागितल्या. वाड्यात त्या नव्हत्या. त्याऐवजी त्याला दोन धार्मिक ग्रंथ मिळाले: कार्थुसियन संन्यासी लुडॉल्फ याने लिहिलेले ख्रिस्तचरित्र, आणि याकोबुस दे व्होराजिने याच्या संतकथांचे स्पॅनिश भाषांतर. त्या वाड्याची कर्तीसवरती स्त्री म्हणजे इनिगोची भावजय माग्दालेना. ही पुस्तके तिनेच दिली असावीत, असे मानतात.

पुढचा भाग आपण प्रवचनांतून पुष्कळदा ऐकला आहे. शौर्यकथा वाईट, संतकथा चांगल्या. वाईट सोडले, चांगले धरले. मूळ आत्मचरित्रातील हकिगत इतकी सरधोपट नाही. इनिगो दोन्ही तऱ्हेची स्वप्ने पाहत होता. एका थोर स्त्रीच्या सेवेत आपण काय पराक्रम करू, तिच्याशी कोणत्या शब्दांत बोलू, या विचारात त्याचे तासन् तास जात. मग संतकथा वाचता वाचता वाटे, संत फ्रान्सिसने केले ते मी केले तर? संत डॉमिनिकने केले ते मी केले तर? दोन्ही स्वप्ने गोडच होती. फरक त्याला नंतर जाणवला. पहिले स्वप्न ओसरले की मन रुक्ष व असमाधानी होई. दुसरे ओसरल्यावरही मनात आनंद रेंगाळे. आत्मपरीक्षणाची जी पद्धत पुढे साऱ्या ख्रिस्तसभेला मिळाली, तिचे बीज एका आजारी वाचकाने आपल्याच वाचनाच्या मागे उरलेल्या चवीकडे लक्ष दिले, त्यात आहे. ही पारख दुसऱ्या कोणी त्याच्यासाठी केली नव्हती.

आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. व्होराजिनेच्या संतकथांत अद्भुताची वाण नाही. त्यात संत जॉर्ज अजगरासारख्या राक्षसी प्राण्याशी झुंजतो, प्रचंड देहाचा संत ख्रिस्तोफर बालख्रिस्ताला खांद्यावर घेऊन नदी ओलांडतो. एंद्रियागोवर रमलेल्या मनाला ही भाषा लगेच कळली असेल. लुडॉल्फचा ग्रंथ मात्र आमच्या अनुभवास फार संथ वाटला. परंतु ख्रिस्तचरित्रातील प्रत्येक प्रसंगी आपण स्वतः तेथे उभे आहोत अशी कल्पना करा, असे तो वाचकाला पुन्हा पुन्हा सांगतो. ज्याची कल्पनाशक्ती कथांनी तयार झाली होती, त्याला हे अवघड गेले नसावे. इनिगोने त्या ग्रंथांतील उतारे सुवाच्य अक्षरात एका वहीत उतरवून घेतले, ख्रिस्ताचे शब्द तांबड्या शाईने आणि पवित्र मरियेचे निळ्या शाईने. ती वही सुमारे तीनशे पानांची झाली.

बरा होऊन तो घराबाहेर पडला तेव्हा आमादिस त्याच्या बरोबरच होता. १५२२ च्या मार्चमध्ये मोंसेरातच्या मरियामंदिरात त्याने शस्त्रे उतरवून रात्रभर जागरण केले. सरदारकीची दीक्षा घेणारे वीर असे जागरण करीत. आमादिस व तशा इतर ग्रंथांतील गोष्टींनी आपले मन भरलेले असल्यामुळे ही कल्पना सुचली, हे आत्मचरित्रातच नमूद आहे. हे आत्मचरित्र त्याने उतारवयात, १५५३ ते १५५५ या काळात, गोन्साल्व्हेस दा कामारा या सहकाऱ्यास तोंडी सांगितले. त्यात स्वतःला ‘मी’ न म्हणता तो ‘यात्रेकरू’ म्हणतो. पुस्तक लहान, कोरडे, पाल्हाळाविना आहे. त्याचेही नशीब पाहा. अधिकृत चरित्र लिहून होत आहे, म्हणून येशूसंघाच्याच श्रेष्ठींनी याच्या हस्तलिखित प्रती परत मागवल्या. मूळ पाठ १९०४ साली छापला गेला.

संत तेरेजेचे आत्मचरित्र याच्या अगदी उलट आहे: बोलके, विषयांतरांनी भरलेले, मधूनच हसवणारे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांना आवडतात, त्यांनी हे पुस्तक जरूर मिळवावे. स्वतःवर हसण्याची दोघींची हातोटी एका जातीची आहे. तेरेजेचा जन्म १५१५ सालचा. घरात तीन बहिणी व नऊ भाऊ. आई दोन्या बेआत्रिस सतत आजारी. तेहतिसाव्या वर्षी ती वारली. तिला शौर्यकथांचा नाद होता. वडील दोन आलोन्सो यांना तो खपत नसे, म्हणून मायलेकरे त्यांच्या नकळत वाचत. नवे पुस्तक हाती नसले की आपल्याला चैन पडत नसे, असे तेरेजा सांगते.

या वाचनाबद्दल ती पुढे स्वतःला दोष देते. त्यापायी आपल्या सदिच्छा थंडावल्या, नटण्यामुरडण्याची हौस लागली, असे तिचे म्हणणे. संतांनी स्वतःबद्दल दिलेला निवाडा आम्ही कोण खोडून काढणार? पण त्याच प्रकरणात आईविषयी लिहिताना तिचा सूर मऊ होतो. आईने घरकामाकडे कधी दुर्लक्ष केले नाही, ती आपल्या दुःखांतून विरंगुळा म्हणून वाचत असे, हे ती आवर्जून सांगते. आजारपण आणि बाळंतपणे यांनी पिचलेली ती स्त्री, नवऱ्याच्या पावलांचा कानोसा घेत, मुलांना जवळ घेऊन पुस्तक वाचते आहे, हे चित्र आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. आणि तेरेजेने पुढे १५७७ साली जो ‘अंतरीचा किल्ला’ लिहिला, त्यातील स्फटिकाचा गड, सात महाल, सर्वांत आतल्या महाली बसलेला राजा, बाहेर वळवळणारे विषारी प्राणी, हे सारे वाचताना लहानपणीचे ते चोरून केलेले वाचन पूर्ण वाया गेले, असे आम्हांस म्हणवत नाही.

१५५९ साली स्पेनचा मुख्य धर्मपरीक्षक फेर्नान्दो दे वाल्देस याने निषिद्ध पुस्तकांची यादी जाहीर केली. तीत लोकभाषेतील अनेक भक्तिग्रंथ होते. लुईस दे ग्रानादाची प्रार्थनेवरील पुस्तके होती, आविलाच्या संत योहानाचा ग्रंथ होता. सामान्य माणसाने आणि बायकांनी आपल्या भाषेत प्रार्थनेविषयी वाचले तर गोंधळ माजेल, ही भीती! आमादिस मात्र त्या यादीतून सुटला. म्हणजे आविलाच्या मठातील जोगिणीच्या हातून ग्रानादा काढून घेतला गेला आणि बाजारात एंद्रियागो खुशाल विकत राहिला. लॅटिन न येणाऱ्या तेरेजेला या आज्ञेचे फार दुःख झाले. त्या दुःखात प्रभूने आपल्याला धीर दिला व तोच आपला जिवंत ग्रंथ झाला, असे ती लिहिते. तिचे स्वतःचे आत्मचरित्रही १५७५ मध्ये धर्मपरीक्षकांकडे गेले आणि तिच्या हयातीत परत आले नाही. १५८२ साली ती वारली. १५८८ साली लुईस दे लेओन याने तिचे ग्रंथ सालामांका येथे छापले. १९२१ च्या उन्हाळ्यात एडिथ स्टाइन या ज्यू तत्त्वज्ञ स्त्रीने मित्रांच्या घरी हे आत्मचरित्र वाचले, आणि १ जानेवारी १९२२ रोजी तिने बाप्तिस्मा घेतला. पुढे ती कार्मेल संघात गेली आणि १९४२ साली आउश्वित्झच्या छळछावणीत मारली गेली.

आता ‘डॉन क्विक्झोट’. हा ग्रंथ १६०५ साली निघाला, आणि त्याच्या सहाव्या प्रकरणात आमचाच एक व्यवसायबंधू भेटतो. शौर्यकथा वाचून डोके फिरलेल्या डॉन क्विक्झोटच्या ग्रंथसंग्रहाची झडती घ्यावयास गावचे पाद्रीबाबा आणि न्हावी येतात. घरकाम करणारी बाई आधी पवित्र पाण्याची वाटी घेऊन येते व खोलीत शिंपडा म्हणते, न जाणो पुस्तकांतला एखादा मांत्रिक तेथे असावयाचा! हॅरी पॉटरचे पुस्तक घरात ठेवले तर चालेल का, असे अगदी काळजीने विचारणारी माणसे आम्हांस भेटली आहेत, म्हणून ही बाई आम्हांला ओळखीची वाटली.

पाद्रीबाबांचे काम सुरुवातीस चोख चालते. या साऱ्या पंथाचा मूळपुरुष म्हणून ते आमादिसला जाळावयास निघतात. पण या जातीच्या पुस्तकांत हेच सर्वोत्तम आहे असे न्हावी म्हणतो, आणि पाद्रीबाबा त्याचे ऐकतात. मुलगा एस्प्लांदियान मात्र खिडकीतून अंगणात जातो. ‘तिरांत लो ब्लांक’ हाती येताच पाद्रीबाबा हरखतात: यातले वीर जेवतात, झोपतात, मृत्युपत्र करून आपल्या अंथरुणात मरतात! असली पारख ज्याने पुस्तक खरोखर वाचले आहे त्यालाच साधते. खुद्द सेर्वान्तेसचीच एक कादंबरी निघते, तेव्हा हा लेखक आपला जुना मित्र आहे म्हणून ती तूर्त राखून ठेवली जाते. इथवर आम्ही पाद्रीबाबांच्या बाजूचे. पण पुढे ते कंटाळतात, आणि उरलेली पुस्तके न उघडताच जाळावयास सांगतात. जपून ठेवण्याच्या योग्यतेचे ग्रंथही त्या रात्री जळाले, हे सेर्वान्तेस शांतपणे सांगून जातो. पुस्तकांची खोली भिंत बांधून बुजवली जाते. मांत्रिकाने ती पळवली, असे डॉन क्विक्झोटला सांगण्यात येते. त्याचा त्यावर लगेच विश्वास बसतो, कारण असे मांत्रिक त्याने पुस्तकांत वाचलेलेच असतात! पंधरवडा उलटतो न उलटतो तोच तो सांको पांझाला घेऊन पुन्हा बाहेर पडतो.

पुढे एका खानावळीत हेच पाद्रीबाबा पुन्हा जाळण्याची भाषा करतात. तेथे खानावळवाला त्यांना रोखतो. सुगीच्या दिवसांत कापणीवाले मजूर दुपारी जमतात, वाचता येणारा कोणीतरी एक पुस्तक उघडतो, आणि तीसेक माणसे भोवती बसून ऐकताना आपले श्रम विसरतात, असे तो सांगतो. पाद्रीबाबांपाशी याला खरे उत्तर नाही. आमच्या मते, साऱ्या ग्रंथात पुस्तकांची इतकी भक्कम बाजू दुसऱ्या कोणी मांडलेली नाही.

या खानावळवाल्याची बाजू आपल्या गोव्यात एका धर्मगुरूंनी ऐकली होती. फादर थॉमस स्टीफन्स हे इग्नेशियसच्याच संघाचे इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले आणि त्यांचे पुढील आयुष्य मुख्यत्वे साष्टीत गेले. गोव्यात छापखाना १५५६ पासून होता. पण नव्या ख्रिस्ती लोकांच्या हातून त्यांची जुनी पुराणे काढून घेतली गेली होती, आणि त्यांच्या हाती उरली होती ती मुख्यतः धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे. फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच एक प्रसंग येतो. रविवारी मंदिरात मुलांची शिकवणी आटोपल्यावर एक ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थ पाद्रीगुरूंकडे येतो. शिकवण उत्तमच आहे, असे तो म्हणतो. परंतु आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आमच्यासाठी दुसरे एखादे पुराण का रचीत नाही?

त्या माणसाला दटावून परत पाठवणे सोपे होते. फादर स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासूनची जुन्या करारातील कथा आहे, तर दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. वृत्त मराठी पुराणांचे, शब्दकळा मराठी संतांच्या वळणाची. १६१६ साली तो ग्रंथ रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. पुढे १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींपैकी एकही छापील प्रत आजवर सापडलेली नाही. ग्रंथ टिकला तो हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींत. अशा हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यास त्याची देवनागरी आवृत्ती काढली, तेव्हा मराठी वाचकांना तो आपल्या लिपीत वाचावयास मिळाला.